नुरिलाने तोंडावरून हात फिरवला

जुलै महिन्यात बिश्केकच्या त्या कार्यालयात माणसं बोलत नसत, ओरडत. पर्यटकांना युर्ट, म्हणजे लोकरी नमद्याचे गोल तंबू, भाड्याने देणारी ती कंपनी हिवाळाभर जांभया देई आणि उन्हाळ्यात तिला श्वास घ्यायची फुरसत नसे. नुरिला नोंदणीच्या टेबलावर बसे. त्या दिवशी सोंग-कोल तळ्याकाठच्या एकाच युर्टमध्ये दोन नवविवाहित जोडपी नोंदली गेली होती, एक फ्रेंच आणि एक कोरियन, आणि दोघांनाही दारातून तळं दिसायला हवं होतं. अशात तिच्या वडिलांचा फोन आला.

"संध्याकाळच्या गाडीने मी नारिनला निघालो," शार्शेन म्हणाले. "पिशवी भरून झाली."

"अताके, गुरुवारी ऑपरेशन आहे! पित्ताशय खड्यांनी भरलंय तुमचं. डॉक्टर म्हणाले ना, टाळलं तर जिवावर बेतेल."

"बेतायचं तर गावात बेतू दे. इथे शेजाऱ्याला शेजाऱ्याचं नाव ठाऊक नाही. परवा समोरच्या इमारतीतल्या मेलेल्या म्हाताऱ्याला लिफ्टमधून उभा करून खाली आणला, पोरी. उभा! रडायला एक कुत्रं नव्हतं."

फोन बंद झाला. नुरिलाचा नवरा मॉस्कोत टॅक्सी चालवत होता आणि तिला भाऊ नव्हता. म्हाताऱ्याला थांबवायचं होतं ते तिलाच.

शेजारच्या टेबलावरची आयपेरी पाहुण्यांना आणायला विमानतळावर निघाली होती. ती दारातून मागे आली. "एजे, खांदे कानाला लागलेत तुमचे. दोन मिनिटांचा उपाय सांगते, फोनवर बघितलाय. तळहात गरम होईस्तोवर चोळायचे. डोळे मिटून समोर धरायचे, मनातल्या मनात श्वास मोजायचे, आणि मग तोंडावरून सावकाश खाली ओढायचे. ताण निथळून जातो बघा." एवढं सांगून ती गेली.

नुरिलाने डोळे मिटले, हात पुढे धरले आणि ओठ हलवत श्वास मोजले. नेमके तेव्हा गोदाम सांभाळणारे ताश्तान-बाइके खांद्यावर दोरांचं वेटोळं घेऊन आत येत होते. नुरिलाचे वडील आजारी आहेत हे सगळ्या कार्यालयाला माहीत होतं. ताश्तान-बाइकेंनी दोर खाली ठेवला आणि टोपी नीट केली. नुरिलाने तोंडावरून हात फिरवला तसा त्यांनीही फिरवला. "ओमिन," ते पुटपुटले, गेलेल्या माणसासाठीची दुआ संपवताना म्हणतात तसं. त्यांच्यामागच्या ड्रायव्हरने फिरवला. हिशेबनीस बाईंच्या तोंडात पाव होता. त्यांनी तो न चावता गिळला आणि हात फिरवला.

कोणी काही विचारलं नाही. अशी गोष्ट लेकीला विचारत नाहीत. ती समजून घ्यायची असते आणि कामाला लागायचं असतं.

नुरिलाने डोळे उघडले तेव्हा खोलीत कोणीच ओरडत नव्हतं. उपाय कानांवरही चालतो, असं तिला वाटलं. इतक्यात मालकीण दामिरा-एजे आल्या. जुलैत त्यांनी कोणाला दात काढायलाही सुट्टी दिली नव्हती. त्यांनी नुरिलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"घरी जा, बाळ."

"पण एजे, ते फ्रेंच जोडपं..."

"फ्रेंच गेले खड्ड्यात."

"आणि कोरियन?"

"त्यांच्या मागोमाग."

नुरिला जिना उतरली ती हा उपाय आता रोज करायचा असं ठरवूनच. आधी इस्पितळात जाऊन खाट पक्की करायची, मग बाजारातून अताकेंच्या आवडीचं खरबूज घ्यायचं आणि त्यांची समजूत काढायची, असा तिने बेत केला.

इकडे दामिरा-एजेंनी सूत्रं हातात घेतली. "दारात उभं राहून रडायला एक पुरुष नाही बिचारीकडे. आपणच तिचे. मयताला अंगणात युर्ट हवाच. ताश्तान, युर्ट काढ."

"सगळे भाड्याने गेलेत. एक उरलाय, तो फ्रेंचांसाठी आत्ताच ट्रकमध्ये चढवला."

"मग चढवलेलाच आहे. चला."

शार्शेन पिशवी घेऊन खाली उतरले तेव्हा इमारतीच्या अंगणात ताश्तान आणि ड्रायव्हर युर्टची जाळीची भिंत उभी करायला धडपडत होते. शार्शेन यांचं सगळं आयुष्य मेंढ्यांमागे कुरणात गेलेलं. त्यांना ते बघवेना.

"अरे, आधी दाराची चौकट! भिंत काय हवेला टेकवणार?" त्यांनी पिशवी बाकावर ठेवली आणि दोर ओढून घेतला. दोघं मुकाट्याने त्यांचं ऐकू लागले. वरचं कडं बसलं, नमदा चढला. मग त्यांनी विचारलं, "लग्न आहे का कोणाचं?"

"नाही, अक्साकाल. तिसऱ्या मजल्यावरच्या नुरिलाचे वडील गेले."

शार्शेन यांचा हात गाठीवर थांबला. त्यांनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत त्यांचीच बनियन वाळत होती.

"कधी?"

"दुपारी."

"दुपारी..." शार्शेन यांनी काहीतरी आठवून पाहिलं. "फार त्रास झाला का त्याला?"

"ते नाही कळलं. पण सोन्यासारखा माणूस."

"ओळखत होतात?"

"छे! पण लेक अशी, तर बाप कसला असेल! तुम्ही ओळखत होतात?"

"थोडाफार. हट्टी होता." शार्शेन यांनी गाठ घट्ट केली. "येणार कोण कोण?"

"अख्खं कार्यालय. बायका बोर्सोक तळायला बसल्यात. मेंढी टोकमोकहून निघालीय. तळमजल्यावरच्या रशियन आजींनी चहाचा सामोवार दिला, काही न विचारता. आम्ही दोघं दारात उभं राहून रडणार."

शार्शेन यांनी दोर खाली ठेवला. मग म्हणाले, "रडून दाखव."

ताश्तानने रडून दाखवलं.

"हे रडणं? कुंपणात शेळी अडकल्यासारखं वाटतं. वाक पुढे. काठीवर भार टाक. आवाज पोटातून काढ." दोघांकडून त्यांनी नीट घोटून घेतलं आणि आतले पट्टे आवळायला ते युर्टमध्ये शिरले.

नुरिला खरबूज घेऊन अंगणात आली. तिच्याच जिन्यापाशी युर्ट उभा होता. तिला पाहताच काठ्यांवर वाकलेल्या दोघांनी पोटातून हंबरडा फोडला, "ओ अताके! आम्हाला सोडून कुठे गेलात!"

खरबूज पडून फुटलं. तिने एकदा वर खिडकीकडे पाहिलं आणि लाल रंगवलेलं दार ढकलून ती आत गेली.

आत शार्शेन पाठमोरे उभे होते. "दार लाव, वारा येतो," म्हणत ते वळले आणि त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला. तिने त्यांची बाही दोन्ही हातांनी धरली. ती सोडेना.

"मला कोणी विचारलं नाही, पोरी," ते हलकेच म्हणाले. "दुपारीच गेलो म्हणतात."

दामिरा-एजे बोर्सोकची परात घेऊन आत आल्या आणि नुरिला कोणाची बाही धरून उभी आहे हे कळल्यावर परातीसकट खाली बसल्या. मागोमाग आलेल्या ताश्तानचा आवाज चढला, "पण तू ओमिन केलंस! मी डोळ्यांनी पाहिलं!"

"ओमिन नव्हतं ते, बाइके. ताण घालवत होते."

"काय घालवत होतीस?"

"ताण. कामाचा."

दामिरा-एजेंच्या खिशात फोन वाजत राहिला. तळ्याकाठून फ्रेंच जोडपं विचारत होतं, आमचा युर्ट कुठे आहे.

"गेला का मग?" ताश्तानने विचारलं.

"कोण?"

"ताण."

पहिल्यांदा दारातून डोकावणाऱ्या रशियन आजी हसल्या. मग बाकीच्यांना आवरेना. नुरिला हसता हसता केव्हा रडू लागली ते तिलाही कळलं नाही, पण बाही तिने सोडली नव्हती.

डोळे पुसत दामिरा-एजे उठल्या. "चला, सोडा दोर. मेंढीवाल्याला परत पाठवा."

"हात लावू नका," शार्शेन म्हणाले. ते मानाच्या जागेवर मांडी घालून बसले आणि त्यांनी एक बोर्सोक उचलला. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलेलं आठवून तो परत ठेवला. "नुरिला, गुरुवारी किती वाजता बोलावलंय त्या डॉक्टरने?"

"आणि नारिनची गाडी?"

"गाडी काय, रोज जाते. माणसं अशी रोज जमत नाहीत."

बाहेर ट्रकमधून जिवंत मेंढी उतरली आणि फुटलेलं खरबूज खाऊ लागली. सामोवार उकळला. समोरच्या इमारतीतला एक गृहस्थ युर्ट पाहून आला होता. त्याने टोपी छातीशी धरली, आत डोकावला आणि दबक्या आवाजात सगळ्यात वयस्कर माणसाला विचारलं, "कोण गेलं?"

"अजून ठरलं नाही," सरकून जागा करत शार्शेन म्हणाले. "बसा. चहा घ्या."