मुख्य मद्यमिश्रक पाहिजे

पांढरकवड्याच्या बाहेर, नागपूर-हैदराबाद हायवेला लागून, किसनराव बोबडे यांचा 'सदाचार बार अँड फॅमिली रेस्टॉरंट' आहे. किसनराव हे गावातल्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्षही आहेत. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं गावात कोणालाही वाटत नसे. समितीच्या बैठकीला जागा लागते, खुर्च्या लागतात आणि गरम भजी लागतात. या तिन्ही सोयी एकाच छताखाली मिळत असतील तर अध्यक्ष दुसरा शोधायचा कशाला?

किसनराव स्वतः घेत नसत. म्हणजे, लोकांसमोर घेत नसत. आणि जे लोकांसमोर होत नाही ते होतच नाही, या तत्त्वावर त्यांची आयुष्यभराची प्रतिष्ठा उभी होती. जेवणाआधी कोठीघरात, तुरीच्या पोत्यांमागे उभं राहून ते स्टीलच्या पेल्यातून जे घेत, त्याला घरात 'काढा' म्हणत. त्यांच्या पत्नी बेबीताई तो पेला वेगळा घासत आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण टिपेश्वरला वाघ बघायला येणाऱ्यांची गर्दी वाढली आणि हायवेवरची गिऱ्हाइकं बिघडली. पूर्वी माणूस यायचा, क्वार्टर मागायचा, खारे दाणे खायचा आणि निघून जायचा. आता तो ग्लासात पुदिना मागू लागला. एका संध्याकाळी हैदराबादच्या कुटुंबाने पुदिन्याचं काहीतरी मागितलं. पुदिना संपला होता. वेटर शामने प्रसंगावधान राखून त्यात सांबार टाकला. सांबार म्हणजे पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो. कुटुंबाने ग्लासाचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला आणि खाली लिहिलं, 'वाघ दिसला नाही, पण हे दिसलं.'

किसनरावांचा पुतण्या अंकुर पुण्याला हॉटेलचा कोर्स करून आला होता. त्याने तो मजकूर काकांना मोठ्याने वाचून दाखवला.

"काका, आपल्याले हेड बारटेंडर पाहिजे."

"कायले? बाटलीचं बूच शामही काढते."

"बूच काढनं वेगळं, काका. लोक आता बाटली नाही पाहत, बनवनाऱ्याचा हात पाहतात."

किसनरावांना पटलं. पण उमेदवार स्वतः निवडला, तर त्यांना त्यातलं कळतं असा गैरसमज पसरला असता. म्हणून निवडीचं काम त्यांनी व्यसनमुक्ती समितीवर सोपवलं. समितीत अध्यक्ष धरून तिघं होते. दुसरे निवृत्त मुख्याध्यापक गुल्हाने सर, तिसरे रस्त्याचे ठेकेदार उत्तमसिंग राठोड. दोघेही कडक निर्व्यसनी म्हणून प्रसिद्ध होते. सरांकडे दर शनिवारी काळ्या पिशवीतून 'गुडघ्याचं तेल' जात असे आणि उत्तमसिंगांच्या गाडीच्या डिकीत 'रेडिएटरचं पाणी' कायम भरलेलं असे. ही पार्सलं शामच बांधून देत असल्याने किसनरावांना ते माहीत होतं. पण माहीत असणं आणि मान्य असणं यांत सभ्य माणूस अंतर ठेवतो.

'बारटेंडर' हा शब्द समितीच्या कागदावर बरा दिसत नाही, असं गुल्हाने सरांनी दाखवून दिलं. त्यामुळे पदाचं नाव 'मुख्य मद्यमिश्रक' असं ठरलं. पाच वर्षांचा अनुभव हवा, आणि समितीच्या लौकिकाला शोभेल असा उमेदवार हवा, म्हणजे ज्याने आयुष्यात मद्याचा थेंब तोंडाला लावलेला नाही.

जाहिरातीचा मजकूर किसनरावांनी घरी वाचून दाखवला. बेबीताई तूर निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "म्हंजे पोहनारा पाहिजे, पन अंगाले पानी लागलेला नको."

पहिला आला देवीलाल पवार. तांड्यावरचा माणूस, अंगाने धिप्पाड, हैदराबादच्या मोठ्या हॉटेलात काउंटर सांभाळून आलेला.

"घेता का?" सरांनी चष्म्यावरून विचारलं.

"घेत नाही जी. चाखतो."

"म्हणजे?"

"चमच्यानं. नाही तं गिऱ्हाइकाले काय देऊन राह्यलो, हे मले कसं समजंन?"

सरांनी कागदावर लिहिलं : 'उमेदवाराने मद्याशी संबंध मान्य केला.' मुलाखत संपली. देवीलाल उठताना म्हणाला, "सर, हलवाईही पाक चाखतेच न?"

"हलवाई हा समाजमान्य आहे," सर म्हणाले.

दुसरी आली सुरभी मानकर. आर्णीची, कापूस-सोयाबीनवाल्या घरातली. तीही हैदराबादला नावाजलेल्या बारमध्ये होती, पण आईला अर्धांगाचा झटका आला आणि ती चांगली नोकरी टाकून परत आली. आईजवळ राहून एसटीने जाऊन-येऊन करता येईल असं या कामाचं दुसरं ठिकाण जवळपास नव्हतं. तिने हे रडून सांगितलं नाही. विचारलं तेव्हा तेवढंच सांगितलं.

उत्तमसिंगांना काळजी वाटली. "पोरगी काउंटरमागं उभी राह्यली तं गाव काय म्हनंन?"

"पोरगी उभी हाये हे पाहाले गावाले आधी काउंटरसमोर या लागंन न, काका," सुरभी म्हणाली. "अन् गाव तं पेत नाही म्हनता."

समितीने 'नोंद घेतली'.

"चाखता का?" सरांनी सापळा लावला.

"चाखते. थुंकून टाकते."

सरांनी क्षणभर विचार केला आणि थुंकण्यातून मद्याविषयीचा तिरस्कार व्यक्त होतो, असा निष्कर्ष काढला. उमेदवार पात्र ठरली. राहिलं फक्त प्रात्यक्षिक.

सुरभीने आंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत घरून आणलं होतं. त्यात तिने काय काय घातलं ते समितीने डोळे विस्फारून पाहिलं. वर किंचित मीठ आणि कुटलेली मिरी टाकून तिने तीन ग्लास टेबलावर ठेवले. मग कोणी हललं नाही. तिघेही ग्लासांकडे अनोळखी सोयऱ्याकडे बघावं तसे बघत होते.

"घ्या न," सुरभी म्हणाली. "बर्फ पाघळून राह्यला."

"आम्ही घेत नाही," उत्तमसिंग म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"मग नंबर कसे देनार?"

प्रश्न तात्त्विक होता. तो गुल्हाने सरांनीच सोडवला. एकतीस वर्षं शिकवण्यात गेल्याने कुठल्याही गोष्टीची व्याख्या बदलून ती निकालात काढणं त्यांना साधलेलं होतं. ते उभे राहून म्हणाले, "प्राशन आणि परीक्षण यांत मूलभूत फरक आहे. प्राशन माणूस स्वतःसाठी करतो. परीक्षण संस्थेसाठी. आपण इथे परीक्षक या नात्याने बसलो आहोत." ठराव एकमताने मंजूर झाला आणि तिन्ही ग्लास उचलले गेले.

किसनरावांनी घोट घेतला आणि त्यांना काहीतरी झालं. आंबाडीचा आंबटपणा आधी जिभेवर आला, मग मिरीचा चटका, आणि मग ते दुसरं हळूहळू छातीत उतरलं. ते खुर्चीवर बसले होते. समोर खिडकी होती, खिडकीत ऊन होतं. पाठीला पोतं टोचत नव्हतं, कान दाराकडे नव्हते. पिणं ही बसून करायची गोष्ट आहे, हे त्यांना या वयात प्रथमच कळलं. हिलाच घ्यायचं, त्यांनी मनाशी ठरवलं.

"चांगलं हाये," ते म्हणाले.

"कशापेक्षा?" उत्तमसिंगांनी निरागसपणे विचारलं.

किसनराव थबकले. चांगलं म्हणायचं तर दुसरं काहीतरी चाखलेलं असायला हवं. सर आढ्याकडे बघू लागले. अखेर कागदावर लिहिलं गेलं : 'तुलनेसाठी आधार उपलब्ध नसल्याने पुढील परीक्षण आवश्यक.' सुरभीला पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. नाकारलेल्या देवीलाललाही तुलनेसाठी म्हणून बोलावलं.

पुढच्या आठवड्यात दोघांनी सहा प्रकार बनवले. परीक्षण सखोल झालं, निष्कर्ष निघाला नाही. तिघांच्या मतावर इतका मोठा निर्णय घेणं एकांगी ठरेल, असं सरांना वाटलं. म्हणून परीक्षक वाढवले. डॉक्टर आले, कॉलेजचे दोन प्राध्यापक आले, कृषी केंद्रवाले आले. हे सगळे पूर्वी फॅमिली सेक्शनच्या पडद्यामागे, चपला आत घेऊन बसायचे. आता प्रत्येकाच्या छातीवर 'परीक्षक' असा बिल्ला लागला आणि ते दर्शनी टेबलावर, ट्यूबलाइटखाली, रस्त्याकडे तोंड करून बसू लागले. ओळखीचं कोणी दिसलं तर हात वर करून सांगत, "ड्यूटीवर आहे."

परीक्षक होण्यासाठी गावात वशिले लागू लागले. अर्जदार कधीही न पिणारा असावा ही अट होती, आणि तिच्यामुळे एकही अर्ज बाद झाला नाही.

लवकरच किसनरावांच्या लक्षात एक अडचण आली. बारमध्ये गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. पिणारा म्हणून पैसे देऊन बसण्यापेक्षा परीक्षक म्हणून मानाने बसणं कोणीही पसंत केलं असतं. त्यावर अंकुरने तोडगा काढला. परीक्षकांकडून प्रत्येक ग्लासामागे 'परीक्षण वर्गणी' घ्यायची. कोणी कुरकुर केली नाही. सत्कार्याला वर्गणी द्यायची गावाला सवय होती. गल्ला पूर्वीपेक्षा जोरात वाहू लागला.

काउंटरमागे सुरभी आणि देवीलाल रोज उभे राहत होते. त्यांना पगार नव्हता. उमेदवाराला पगार देणं म्हणजे निकाल आधीच फोडणं, असं सरांचं मत होतं. एसटीचं भाडं मात्र मिळे. आधी देवीलाल कंटाळला. एक दिवस त्याने टॉवेल घडी करून काउंटरवर ठेवला, "रामराम जी" म्हणाला आणि हायवेवर हात करून हैदराबादच्या ट्रकमध्ये बसला. समितीने नोंद घेतली : 'उमेदवारात चिकाटीचा अभाव.'

सुरभी थांबली. तिला थांबावंच लागत होतं. आईला कुशीवर वळवायला रात्री घरी कोणीतरी हवं होतं.

एका दुपारी ती कोठीघराच्या दारात आली. किसनराव पोत्यांमागे उभे होते. पेला हातात होता आणि पेल्यात आंबाडीचा लाल रंग होता. हल्ली ते शामकरवी तिच्याच हातचं मागवून घेत. तिने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. तिने नजर पेल्यावरून काढून घेतली. त्यांना त्याचीच जास्त लाज वाटली.

"काका, नागपूरहून फोन आला. मोठं हॉटेल हाये. आज सांगा लागते हो का नाही. मले जायाचं नाही. मायले सोडून कुठं जाऊ? तुम्ही फक्त एक वाक्य बोला समितीत."

"कोनतं?"

"मी पेऊन पाह्यलं, अन् हिचं चांगलं हाये. बस."

"दुसरं सारं म्हनतो न पोरी. हुशार हाये म्हनतो, मेहनती हाये म्हनतो..."

"थे तं मास्तरीनबाईलेही म्हनतात, काका. मी दारू बनवते."

किसनराव खरंच तयार झाले. संध्याकाळी समिती भरली तेव्हा हॉल भरलेला होता. सुरभी काउंटरमागे हात पुसत उभी होती. ते उभे राहिले. समोर बिल्ल्यांच्या ओळी होत्या, सगळ्यांच्या हातात ग्लास होते, सगळ्यांचे डोळे लालसर होते आणि त्या सगळ्या डोळ्यांत एकच भाव होता : आपल्यापैकी पहिला कोण बोलतो बघू. बेबीताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. किसनरावांनी तोंड उघडलं. "मी..." ते म्हणाले. डॉक्टरांनी ग्लास खाली ठेवला.

"मी अध्यक्ष या नात्यानं सांगतो," किसनराव म्हणाले, "का विषय विचाराधीन हाये."

टाळ्या झाल्या. सुरभीने काउंटर पुसून कोरडा केला, पर्स उचलली आणि शेवटची एसटी गाठायला निघाली. बेबीताई तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेल्या. त्या दिवसापासून नवऱ्याचा तो पेला त्यांनी घासला नाही.

सुरभी नागपूरला गेली. आईलाही घेऊन गेली. एक खोली, एक आया आणि उरलेल्या पगारात दोघींचं भागवते असं ऐकायला येतं. पद अजून रिक्त आहे. काउंटरमागे शाम जे बनवतो त्याचं परीक्षण नियमित सुरू आहे.

यंदा एका सामाजिक संस्थेने तालुक्याची पाहणी केली. बारच्या दारात उभं राहून कार्यकर्त्यांनी एकेकाला विचारलं. पिणारा एकही सापडला नाही. जो तो परीक्षक निघाला. गावाला 'शंभर टक्के व्यसनमुक्त' असा पुरस्कार मिळाला. समारंभात पाहुणे उत्साहाने म्हणाले, "इथे कोणी घेणारा असेल तर त्याने निःसंकोच हात वर करावा." एकही हात वर झाला नाही. फक्त प्रत्येक मान हळूच वळली आणि प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघून गालातल्या गालात हसून घेतलं. व्यासपीठावर शाल पांघरून बसलेल्या किसनरावांना ते हसू वरून स्पष्ट दिसलं. त्यांना हसू आलं नाही.

हे वाचताना तुम्हालाही एखादा ओळखीचा चेहरा आठवला असेल आणि तुम्हीही हसला असाल. तोही हे वाचतो आहे. त्यालाही हसू आलं आहे, आणि त्याला तुम्ही आठवला आहात.