गुंजाळ सरांची पोवळी

बोटात पोवळ्याची अंगठी घातलेला माणूस दिसला की गुंजाळ सर त्याचा हातच धरत. ओळख असो वा नसो.

"काय हाय हे?"

"पोवळं. मंगळासाठी घातलंय."

"प्राणी हाय तो, प्राणी! मेलेल्याची हाडं घालून हिंडताय तुमी!"

एका सराफानं तर त्यांना दुकानाच्या पायरीवरून हाताला धरून खाली उतरवलं होतं.

सर आमच्या नगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, मी मराठी. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी. रागावले की थेट गावाकडची, बेलापूरची. दिवसाकाठी बेलापूरचीच जास्त ऐकू यायची.

त्यांची धाकटी बहीण इंदू दूर समुद्रकाठी राहायची. तिचे यजमान तिथल्या खत कारखान्यात कारकून. एका भाऊबीजेला सर तिकडे गेले, ओहोटीला उघडे पडलेले प्रवाळांचे खडक पाहिले आणि डोकं फिरवून घेऊनच परतले. लांबचे खडक जिवंत, रंगीत होते. कारखान्याच्या नाल्यापाशी मात्र नुसतं शेवाळ माजलेलं, खाली सगळं मेलेलं.

तेव्हापासून दाजी दर महिन्याला रेल्वेनं पार्सल पाठवू लागले. लांबच्या खडकांचे तुकडे एका पुरचुंडीत, नाल्याजवळच्यांचे दुसऱ्या. सर त्यांची पूड करून आम्लात विरघळवत, वर कसलंसं द्रावण घालत आणि नळ्या खिडकीशी धरत. फॉस्फेट जितकं जास्त, तितकी नळी निळी. नळी निळी झाली की सर लाल.

"बघा! खत वततायत समुद्रात, खत! जीव गुदमारतोय त्यांचा!"

दुष्काळाच्या वर्षी प्राचार्यांनी बोलावून सुनावलं, "गावाला प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही नळ्या कसल्या धुताय?" सर चिडून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून घरच्या वाटणीची एक कळशी सायकलला अडकवून आणू लागले. अंघोळ बंद. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायचो. तेही त्यांना अपमान वाटायचा.

अहवाल तयार झाला आणि सर पहिल्यांदाच अडले. तुकडे कुठून, कोणी उचलले, हे लिहिल्याशिवाय त्याला किंमत नव्हती. लिहिलं तर दाजींची नोकरी. त्यांनी इंदूला पत्र टाकलं. उत्तर आलं: "दादा, यांचं नाव घाल. हे म्हणतात, कोळ्यांची जाळी रिकामी येतात आणि आपण खाली मान घालून पगार घेतो."

सरांनी नाव घातलं. अहवाल कारखान्याला गेला, वर्तमानपत्रात छापून आला. कारखान्याचं उत्तर एका ओळीचं होतं: अहमदनगरला समुद्र नसल्यामुळे आपण चिंता करू नये.

त्या दिवशी सरांचा आवाज वरच्या मजल्यावर माझ्या वर्गात ऐकू येत होता. खरं सांगतो, मलाही शिकवणं सुचेना. असला माज!

महिन्याभरात दाजींना काढलं. दोन ट्रंका घेऊन ती दोघं नगरला आली. सरांनी आपली खोली त्यांना दिली आणि स्वतः व्हरांड्यात पथारी टाकली. नाला तसाच वाहतोय, असं दाजींनी सांगितलं.

मग सर दाजींच्या नोकरीसाठी नगरजवळच्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या दारोदार हिंडू लागले. एके दुपारी मीही सोबत गेलो. एका वर्कशॉपच्या मालकाला स्टोअरकीपर हवा होता. दाजींचं नाव ऐकताच तो खुर्चीत मागे रेलला.

"पेपरात आलं होतं ते तुम्हीच का? उद्या माझ्या मागच्या नाल्याचं पाणी तपासाल, मास्तर."

आता सर टेबल उलटवणार, म्हणून मी उठायच्या तयारीत बसलो. सरांनी हात जोडले.

"न्हाई तपासणार," ते म्हणाले. इतक्या हळू, की मालकाला पुन्हा विचारावं लागलं. "न्हाई तपासणार, साहेब. मानूस लई सरळ हाय. त्याला घ्या."

मालकानं सोमवारपासून दाजींना पाठवायला सांगितलं.

बाहेर पडलो. वाट वर्कशॉपच्या मागूनच होती. नाल्यातलं पाणी काळं होतं, त्यावर तेलाचा तवंग होता. सर सायकल हातात धरून, तोंड दुसरीकडे वळवून चालत राहिले. मी मनात म्हणत होतो, ओरडा सर, एकदा तरी ओरडा.

"इंदूला लवकर जाऊन सांगू," ते म्हणाले. "दोन दिवस नीट जेवली न्हाई ती."