खुनी कोण ते सांगू नका

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवं पडताना सूनबाईने पुस्तक पोटावर ठेवलं, तिथेच घोटाळा झाला. डॉक्टरांनी तिच्या तोंडात कापूस कोंबला, लाळ ओढणारी नळी ओठात अडकवली, डावा हात वर केला की दुखतंय असं समजेन म्हणून बजावलं, आणि मग त्यांची नजर मुखपृष्ठावर गेली.

"अरे वा, तुम्हीपण हेच वाचताय? माझंही सध्या हेच चाललंय. झोप उडवली हो या पुस्तकाने. पण हे कपड्यांचे चिमटे कशाला लावलेत?"

सूनबाई "आँ" एवढंच म्हणू शकली. एरवी तिने सगळं सविस्तर सांगितलं असतं. त्यांच्या घरी रहस्यकथा नुसती वाचत नसत, खेळत. ग्रंथालयातून पुस्तक एकच यायचं. दुपारी सासूबाई वाचायच्या, रात्री ओटा आवरून सूनबाई. शेवटचं प्रकरण मात्र चिमटे लावून बंद. दोघी तिथवर पोचल्या की जेवणाच्या टेबलाशी आपापला खुनी जाहीर करायचा, आणि सासरेबुवांनी चिमटे काढून ते प्रकरण मोठ्याने वाचायचं. जिंकेल तिने पुढचं पुस्तक निवडायचं. गेले कित्येक महिने सासूबाईच जिंकत होत्या, त्यामुळे घरात विषप्रयोगांना खंड नव्हता, आणि सूनबाईला हवी असलेली समुद्रप्रवासाची जाडजूड कादंबरी ग्रंथालयात धूळ खात पडली होती. या खेपेला तिचा वकिलावर दाट संशय होता. निकाल आज रात्रीच लागायचा होता.

"मला खुनी कोण ते कळलंय," डॉक्टर यंत्र सुरू करत म्हणाले.

सूनबाईने जोरजोरात मान हलवली.

"मान हलवू नका. तर बघा, त्या रात्री बंगल्यात पाच माणसं होती."

तिने डावा हात वर केला. डॉक्टरांनी लगेच यंत्र थांबवलं आणि इंजेक्शन टोचलं. "आता बधीर व्हायला वेळ लागेल. तोवर सांगतो. त्या पाचांतला स्वयंपाकी आधी वगळा."

तिने पुन्हा हात वर केला. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा मोकळा वेळ, आणि त्या वेळात बंगल्यातला आणखी एक माणूस निर्दोष सुटला. शेवटी तिने दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून धरले.

"कानापर्यंत कळ जातेय?" डॉक्टर गंभीर झाले. "मग नुसतं भरून भागायचं नाही. रूट कॅनलच करावं लागेल." आणि तिचे हात कानांवरून हळुवार बाजूला करत म्हणाले, "घाबरू नका. खुनी माळी आहे, माझ्याकडून लिहून घ्या."

घरी जाताना सूनबाईने ठरवलं, सासूबाईंना खरं काय ते सांगून टाकायचं. जिना चढेपर्यंत निम्मंच सांगायचं ठरलं. दार उघडलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे समुद्र पसरला होता, आणि अर्धं तोंड बधीर असल्यामुळे मूग गिळून बसणंही सोपं गेलं.

रात्री जेवणं झाली. सासरेबुवांनी चष्मा पुसला.

"हं, बोल," सासूबाई म्हणाल्या.

"माळी," सूनबाई ताटाकडे बघत म्हणाली.

"माळी? काल तर वकिलाला फासावर चढवत होतीस."

"पुन्हा विचार केला, आई. त्या खुर्चीत पडल्या पडल्या दुसरं काय करणार?"

सासूबाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरं. तू सोडलास तर वकील मी घेते. काल तू जे सांगितलंस ना, ते मला अगदी पटलं होतं."

सूनबाईला वाईट वाटलं, खरंच वाटलं. बिचाऱ्या आपल्यावर विश्वास ठेवून हरणार. तिने मनातल्या मनात त्यांची माफी मागितली आणि पुढचं पुस्तकही आधी त्यांनाच वाचायला द्यायचं ठरवलं. सासरेबुवा बातम्या द्याव्यात तशा सुरात वाचू लागले. माळ्याचं नाव दोनदा आलं, तेव्हा ती खुर्चीत सावरून बसली. मग वकिलाने घाम पुसला, पाणी मागितलं आणि गुन्हा कबूल केला.

"अहो, पण डॉक्टर तर म्हणाले होते," सूनबाईच्या तोंडून निसटलं, आणि तिने जीभ चावली.

सासरेबुवांनी पुस्तकात तोंड खुपसलं.

"माळी ना?" सासूबाई शांतपणे चिमटे गोळा करत म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात मलाही तेच ऐकवलं त्यांनी."

"मग तुम्ही माळी का नाही म्हणालात?"

"अगं, त्या माणसाला माझी किडलेली दाढ तिसऱ्या खेपेला सापडली. खुनी काय पहिल्याच खेपेला सापडणार आहे?"

सासरेबुवा इतके हसले की चष्मा ताटात पडला. सूनबाईलाही हसू आवरेना. हसता हसता तिच्या लक्षात आलं की तोंडाचा बधिरपणा उतरत चाललाय. तिने जिभेने दाढ चाचपली. डॉक्टरांनी कोरलेली दाढ अगदी शांत होती. ठणकत होती ती तिच्या शेजारची.