पाच पाकळ्यांची जास्वंद आणि लाल जाळी

घडी पहिली

"कागद म्हणजे शेवटी काय गं? पत्र्याचा धाकटा भाऊ!" पोह्यांचा घास तोंडात असतानाच मधुसूदनने जाहीर केलं. "जो माणूस बावीस वर्षं पत्रा तपासतोय, त्याला कागदाची कसली भीती?"

पद्माने मान वर केली नाही. तिच्यापुढे तळहाताएवढे पन्नास कागदी पाळणे मांडलेले होते. कुणाच्या तरी बारशाची ऑर्डर होती. एकेका पाळण्यात दोन पेढे मावणार होते आणि एकेकाला चार दोऱ्या बांधायच्या होत्या.

"तुम्हाला भीती वाटते असं म्हणालं कोण?"

"कुणी नाही. आपलं सहज."

"मग पोह्यांचे हात पाळण्यांपासून लांब ठेवा."

"आज संध्याकाळी तुला एक वस्तू दाखवणार आहे!"

आता मात्र पद्माची मान वर झाली. "अहो, परत मिक्सर?"

"मिक्सर नाही!"

"गेल्या वाढदिवसाला मिक्सर, त्याच्या आदल्या वर्षी इस्त्री. ओट्यावर जागा नाही, आधीच सांगून ठेवते."

मधुसूदन नुसता हसला. ज्याच्या पोटात गुपित आहे आणि वर पोहेही आहेत, असा माणूस हसतो तसा.

गुपित असं होतं. पद्मा अठरा वर्षं हाताने शुभेच्छापत्रं करते. बारसं, मुंज, डोहाळजेवण, रिटायरमेंट, काहीही असो. चिखलीतल्या निम्म्या फ्रिजांवर पद्माची कार्डं चिकटलेली आहेत. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तळमजल्यावरच्या इंदुताईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "पद्मा, तुला गं कोण देतं कार्ड?"

"मला? हलवायाच्या घरी कुणी पेढे घेऊन जातं का!" पद्मा म्हणाली आणि सगळ्या जणी खळखळून हसल्या.

मधुसूदन तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या लावत होता. सगळ्यांचं हसू संपायच्या जरासं आधी पद्माचं हसू संपलं, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. फार नाही, अर्ध्या सेकंदाचा फरक होता. पण इन्स्पेक्टरला अर्धा सेकंद पुरतो. त्यातल्याच एका खुर्चीवर टेकून त्याने ठरवलं. या वाढदिवसाला कार्ड! आणि तेही स्वतःच्या हाताने!

घडी दुसरी

कंपनी महाळुंग्यात. दुचाकीचं मडगार्ड ज्या ब्रॅकेटवर बसतं, ते ब्रॅकेट तिथे होतात आणि मधुसूदन ते पास-नापास करतो. पास मालाला हिरवं कार्ड. दुरुस्त होण्यासारख्या मालाला पिवळं. नापास मालाला लाल. कार्डाला वर भोक, भोकात दोरी. दोरी ट्रॉलीला अडकवली की निकाल लागला.

या लाल कार्डावर मधुसूदनचं दर सोमवारी सकाळी दहा मिनिटांचं प्रवचन असायचं. "लाल कार्ड दिसलं की विचारायचं नाही! वाचायचं नाही! थांबायचं नाही! ट्रॉली थेट लाल जाळीत! मालक आडवा आला तरी!"

लाल जाळी म्हणजे शॉपच्या कोपऱ्यातला तारेचा लाल पिंजरा. त्यात गेलेला माल दोन सह्या आणि शंभर टक्के फेरतपासणी झाल्याशिवाय बाहेर येत नाही. नियम कुणी केला? मधुसूदनने. त्यासाठी त्याला एकदा शाल आणि नारळही मिळाला होता.

आता कार्ड करायचं कुठे? घरी शक्यच नव्हतं. पद्माला तिचा प्रत्येक कागद पाठ. कात्री दोन बोटं सरकली तरी विचारते, "कोण आलं होतं?" मग त्याला कंपनीतला गठ्ठा आठवला. छपाईवाल्याने चुकून लाल कार्डांचा एक गठ्ठा न छापताच पाठवला होता. छान जाड, कोरा, तांबडाभडक कागद. नुसता पडून होता. आणि पद्माचं आवडतं फूल कुठलं? जास्वंद!

गेल्या आठवड्यात त्याने आधी ड्रॉइंग काढलं. पाकळी: लांबी साठ मिलिमीटर, दोन दशांश इकडे-तिकडे चालेल. घडी: तीस अंश. पाकळ्या मिटलेल्या असताना फूल खिशात मावलं पाहिजे आणि उघडलं की फुललं पाहिजे. सोपं आहे! पत्र्याचा धाकटा भाऊ!

घडी दुसरी, पुन्हा

पहिली पाकळी भेंडीसारखी झाली.

घडी दुसरी, पुन्हा पुन्हा

दुसरी बरी होती, पण उघडल्यावर मिटेना. तिसरी मिटल्यावर उघडेना. बोटाला बोट चिकटलं. मधुसूदनने दुपारचा चहा एका हाताने प्यायला, कारण दुसरा हात गठ्ठ्याला चिकटला होता. पत्रा एकदा वाकवला की वाकवल्या जागी राहतो. कागद मात्र मनात येईल तेव्हा सरळ होतो. धाकट्या भावांचं असंच असतं, हे मधुसूदनला आठवायला हवं होतं. तो स्वतःच तिघांत धाकटा!

चार दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या गेल्या. बुधवारी, म्हणजे ऐन वाढदिवशी, जेवणाच्या घंटेच्या जरासं आधी फूल जमलं. पाच पाकळ्या. मध्ये वायरी बांधायच्या पिवळ्या केबल टायचा लांब तुरा. मधल्या पाकळीच्या आत त्याने सुबक अक्षरात लिहिलं, 'पद्मा,'

आणि थांबला.

पुढे काय? 'तुला वाढदिवसाच्या' लिहावं, तर ते सगळेच लिहितात. 'प्रिय' आधी लिहायला हवं होतं, आता जागा नाही. स्वल्पविराम तर देऊन झालेला! दहा मिनिटं तो स्वल्पविरामाकडे बघत बसला. मग जेवणाची घंटा झाली. पुढचं जेवून आल्यावर सुचेल, असं म्हणून तो उठला. गम ओला होता. पाकळ्यांना भोकं होतीच, भोकांत दोऱ्याही होत्या. त्याने पाचही दोऱ्या एकत्र करून फूल समोरच्या खुंटीला वाळत टांगलं.

ती खुंटी ट्रॉलीची होती. ट्रॉलीत चारशे ऐंशी ब्रॅकेट होते. आणि ती ट्रॉली दीडच्या गाडीने जायची होती.

घडी तिसरी

कॅन्टीनमध्ये मटकीची उसळ होती. मधुसूदनने दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि तेवढ्यात डिस्पॅचचा जयदीप धापा टाकत आला.

"मधुभाऊ, चला! राडा झालाय! दीडचा माल लाल जाळीत गेला!"

"कुणी टाकला?"

"दत्तोबांनी. राव, लाल कार्डं लागलीत. एक नाही, पाच!"

मधुसूदनचा घास हातातच राहिला. बावीस वर्षांत एका ट्रॉलीला दोन कार्डं त्याने पाहिली नव्हती. पाच? उसळ तशीच टाकून तो उठला आणि त्याच्यातला सोमवारचा प्रवचनकार जागा झाला.

"लाइन थांबवा!"

"भाऊ, लाइन कशाला? गाडी गेटवर उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय."

"वाजवू दे! पाच कार्डं लागतात म्हणजे काहीतरी भयंकर असणार. सकाळपासूनचा सगळा माल अडवा!"

लाइन थांबली. प्रेस थांबले. पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. बातमी शॉपभर फिरली आणि फिरता फिरता अंग धरू लागली. पेंटिंगला पोचेपर्यंत ब्रॅकेटला तडे गेले होते. स्टोअरला पोचेपर्यंत रस्त्यात कुणाचं तरी मडगार्ड निखळलं होतं. गेटवरच्या वॉचमनने ड्रायव्हरला सांगितलं, "कंपनी बंद पडतेय म्हणे, तू हॉर्न नको वाजवू."

लाल जाळीपाशी गर्दी जमली होती. दत्तोबा कुलपाला पाठ लावून, हाताची घडी घालून उभे होते. महाळुंग्याचेच जुने रहिवासी. वीस वर्षं ट्रॉल्या ओढतात.

"शाब्बास दत्तोबा!" मधुसूदनने सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. "असं काम पाहिजे! बघा रे, शिका जरा!"

"तुमीच शिकिवलं न्हाई का, साहेब? इचारायचं न्हाई, वाचायचं न्हाई. एक कारड असतं तर हळू ढकलली असती. पाच बघितली आन् म्हटलं, लईच खराब माल हाय. पळतच आणली."

क्वालिटी हेड निशिगंधा मॅडम आल्या. वयाने मधुसूदनपेक्षा वीस वर्षांनी लहान, आवाज कधीच न चढणारा. "सर, कार्डांवर दोष काय लिहिलाय?"

"आत्ता सांगतो, मॅडम!" मधुसूदनने कुलूप काढलं, ऐटीत आत शिरला आणि खुंटीकडे हात नेला.

पिवळा तुरा हलत होता.

मधुसूदनला वाटलं, आपणही या जाळीतच राहावं. जेवणाचा डबा तेवढा कुणीतरी आणून द्यावा.

जयदीपने त्याच्या खांद्यावरून वाकून मधली पाकळी उघडली. "पद्मा, स्वल्पविराम. भाऊ, ही पद्मा कोण? नवीन ऑपरेटर का?"

"बायको," मधुसूदन म्हणाला.

मग दत्तोबा हळूच म्हणाले, "वैनींचा माल व्हता व्हय ह्यो? मला काय ठावं!"

घडी चौथी (ही उलटी घालायची)

लाइन चाळीस मिनिटं थांबली म्हणजे फॉर्म भरावाच लागतो. पाच वेळा 'का?' विचारायचं आणि मूळ कारण शोधायचं. फॉर्म कुणी बसवला? सांगायला नको. निशिगंधा मॅडमनी समोर खुर्ची ओढली आणि शांतपणे पेन उघडलं.

*डिस्पॅच का थांबला?*
ट्रॉली लाल जाळीत गेली म्हणून.

*ती का गेली?*
ट्रॉलीवर पाच लाल कार्डांची जास्वंद लटकत होती म्हणून.

*का?*
गम वाळायला वेळ लागतो म्हणून.

"गम कंपनीत का वाळवत होतात, सर?"

"घरी केलं असतं तर तिला दिसलं असतं."

*घरी केले असते तर तिला दिसले असते म्हणून.*

"आणि पाचवं. हातानेच का? दुकानात हवी तेवढी मिळतात."

मधुसूदनने टेबलावरचा गमचा डाग नखाने खरवडला. बराच वेळ खरवडला.

"ती अठरा वर्षं सगळ्यांना हाताने करून देते, मॅडम. तिला कुणीच दिलं नाही. मीपण नाही."

पेन थांबलं. मग मॅडमनी ते जसंच्या तसं लिहिलं, एक शब्द न बदलता. मूळ कारणाच्या चौकटीत.

"बरोबर आहे, सर. याच्यापुढे 'का' विचारता येत नाही." त्यांनी पुढची चौकट भरली. *उपाय: दरवर्षी कार्ड करणे. लाल रंग वापरू नये. जबाबदार व्यक्ती: मधुसूदन.*

"मग फूल नेऊ ना घरी?"

"तो पुरावा आहे, सर. तीन वर्षं सीलबंद ठेवायचा."

"हा नियम कुणी..." मधुसूदनने सुरुवात केली आणि फूल मुकाट्याने मॅडमपुढे सरकवलं.

चारशे ऐंशी ब्रॅकेट त्याने आणि दत्तोबांनी एकेक करून तपासले. एकही नापास निघाला नाही! कंपनीची बस गेली. दुसऱ्या दिवशी गुरुवारची साप्ताहिक सुट्टी, म्हणून सगळा चाकण पट्टा एकदमच घरी निघालेला. मोशीच्या चौकात शेअर रिक्षात कोंबलेल्या मधुसूदनच्या हातात होती ती फक्त फॉर्मची झेरॉक्स. 'जबाबदार व्यक्तीस प्रत द्यावी' असं फॉर्मच्या तळाशीच लिहिलेलं होतं.

घडी पाचवी

"या! वस्तू आली का?" पद्माने दार उघडलं. पाळणे पूर्ण झाले होते. घरभर दोऱ्यांचे तुकडे.

मधुसूदनने झेरॉक्स पुढे केली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पद्माने चष्मा लावला. पहिला 'का' उभ्याने वाचला. दुसऱ्याला खुर्चीवर बसली. तिसऱ्याला, गमच्या वेळी, तिला हसू फुटलं. पाचवा वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून ओढणीने पुसला आणि मग म्हणाली, "जास्वंदीचा तुरा कशाचा केला होतात?"

"केबल टायचा. पिवळ्या."

"हं. मला नसतं सुचलं."

बावीस वर्षांत मिळालेली शाल आणि नारळ मधुसूदनला या वाक्यापुढे एकदम किरकोळ वाटले.

"ही खालची चौकट रिकामी का?"

"पडताळणी. उपाय लागू पडला की नाही, ते ग्राहकाने लिहायचं असतं. सही केलीस की विषय बंद."

"असं नुसतं सांगण्यावरून बंद करतात तुमच्याकडे?"

"नाही. सलग तीन लॉट, म्हणजे मालाच्या तीन खेपा, बघाव्या लागतात." हे तो सवयीने बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली.

पद्माने तिचं कार्डांचं जांभळं पेन घेतलं आणि चौकटीत ठसठशीत लिहिलं: *विषय चालू. तीन लॉट बघून ठरवू.* मग झेरॉक्स फ्रिजवर लावली. अठरा वर्षांत त्या फ्रिजवर लाइटबिलाशिवाय काही लागलं नव्हतं.

घडी सहावी (अजून वाळते आहे)

एक वर्ष गेलं. दुसरा लॉट मधुसूदनने घरीच केला, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत. पांढराशुभ्र कागद. मोगरा. या वेळी स्वल्पविरामापुढेही दोन ओळी लिहिल्या. वाढदिवसाच्या सकाळी त्याने तो पद्माच्या कामाच्या टेबलावर ठेवला आणि आंघोळीला गेला. मनात म्हणाला, बघू आता काय खोट काढते!

परत येऊन बघतो तर मोगऱ्याच्या देठाला दोरीने बांधलेलं, पद्माच्या हातचं, एक इवलंसं कार्ड लटकत होतं.

पिवळं.

त्यावर जांभळ्या अक्षरात लिहिलं होतं: "गम जास्त झालाय, दुरुस्त होईल. डिलिव्हरी वेळेवर."