कडुबा सेक्रेटरी

आमच्या शेजारचा कडुबा आयुष्यात कधी काही मागत नसे. तो मागणी करी. जेवायला बसला की बायकोला, शांताबाईला, सांगायचा, "वरणात मीठ वाढवावं ही आमची रास्त मागणी आहे. मान्य न झाल्यास पुढचं आम्ही ठरवू." हे 'आम्ही' म्हणजे बनियनवर मांडी घालून बसलेला तो एकटा. शांताबाई मीठ वाढायची अन् म्हणायची, "मान्य. आता गप जेवा."

गल्लीत भाजीचा गाडा आला की कडुबा आधी सगळ्या बायकांना एका ओट्यावर जमवायचा. एकटीनं भाव करायचा नाही. एकट्यानं घासाघीस करणं म्हणजे त्याच्या लेखी फितुरी. सगळ्यांचा मिळून एकच भाव ठरे, भाजीवाला घाम पुसत मेथी देऊन जाई, अन् जाता जाता कडुबा त्यालाच समजवायचा, "तू बी तुझी संघटना बांध, मंग बघ."

त्याच्या लग्नाची गोष्ट तर सासऱ्याच्या तोंडूनच ऐकावी. वाजंत्री सकाळपासून उपाशीपोटी वाजवून राह्यलेत, हे नवरदेवाला ऐन वेळी कळलं. गडी बाशिंगासकट त्यांच्या रांगेत जाऊन बसला. त्यांची पंगत उठली तेव्हा कुठं अक्षता पडल्या. मुहूर्त केव्हाच टळलेला. "लोकांचे जावई रुसतात," म्हातारा सांगायचा, "आमचा संपावर गेल्ता."

कडुबा रोलिंग मिलमध्ये होता. भट्टीतून निघालेली लालबुंद सळई चिमट्यानं धरायची अन् पुढं सरकवायची, हे काम. पायात काय, तर ओलं पोतं गुंडाळलेलं. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत जालन्यात मिला वाढल्या, तशी त्यांच्या मिलमध्ये युनियन उभी राहिली अन् कडुबा तिचा सेक्रेटरी झाला. गेटवर बरेच दिवस बसून त्यानं कामगारांना कातडी बूट मिळवून दिले. कामगारांनी ते तेल लावून लग्नकार्यासाठी ठेवून दिले अन् मिलमध्ये पुन्हा पोतं गुंडाळलं. मंठ्याच्या एका लग्नात कडुबानं भर मांडवात चौघांचे बूट उतरवले. चौघंही अनवाणी जेवले, पण दुसऱ्या दिवशी भट्टीपुढं बूट घालून उभे राहिले.

मग ठेकेदार आले, अन् त्यांच्यामागं बिहारची माणसं. एका संध्याकाळी त्यातले चार-पाच जण युनियनच्या खोलीवर आले. आम्हालाही मेंबर करा म्हणाले. कडुबानं त्यांना सरळ सांगितलं, तुम्ही ठेकेदाराची माणसं, आमच्यात बसत न्हाई. हे त्यानं घरी येऊन मोठ्या अभिमानानं मला सांगितलं होतं.

पुढचा संप झाला तेव्हा मालकानं त्याच माणसांवर मिल चालवली. संप विरघळला. काही महिन्यांनी मिल बंद पडली अन् दुसऱ्या नावानं सुरू झाली. जुना एकही कामगार आत नव्हता. युनियनच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान आलं. कडुबा बियाण्याच्या गोदामावर वॉचमन झाला. जुने सोबती ज्या रस्त्यानं यायचे तो रस्ता त्यानं सोडला. भाजीचा गाडा आला की दार ओढून घ्यायचा. शांताबाईनं एकदा मुद्दाम आळणी वरण वाढलं. त्यानं पान चाटूनपुसून साफ केलं अन् हात धुतला. त्या दिवशी ती आमच्याकडं येऊन रडली.

पुढं एकदा माझी मावशी सरकारी दवाखान्यात होती, तिचा डबा घेऊन मी गेलो होतो. पुरुषांच्या वॉर्डात कडुबा दिसला. खाटेवर दोन्ही पाय भाजलेला माणूस होता, अन् कडुबा भाकरी दुधात कुस्करून त्याला भरवत होता. मला पाहून तो कानकोंडा झाला. मिलमध्ये सळई उसळून पायांवर आली होती, एवढंच त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. माणसाचं नाव रामप्रवेश. ठेकेदार दवाखान्यात टाकून गेला, तो परत फिरकलाच नव्हता.

रामप्रवेश कडुबाकडं बघत होता. मग म्हणाला, "चाचा, आपको हम पहचान लिए. यूनियन के कमरे पे आप हमको चाय पिलाए थे."

कडुबाचा हात भाकरीतच थांबला. दूध आणतो म्हणून तो उठला. दूध तर वाटीत तसंच होतं. मी मागोमाग गेलो. जिन्यात तो खाली मान घालून बसला होता.

"त्यो चहा आमच्यासाठी मागवल्ता," तो म्हणाला. "ते आत आले अन् पोऱ्यानं त्यांच्या हातात ठेवला. मी तर त्यांला बसा बी म्हणलो नव्हतो."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

थोड्या वेळानं त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं अन् कठड्याला धरून उठला. "त्याची कूस बदलायची राह्यली," म्हणाला, अन् वर गेला.