नुसतं मंगळवार पेठ

साताऱ्याच्या कीर्तनकार अभिरामबुवांना पत्ता कळवताना जोतीरामनं एवढंच लिहिलं : मंगळवार पेठ, मारुतीच्या देवळाशेजारी.

“गावाचं नाव ऱ्हायलं की,” बायको निशिगंधा म्हणाली.

“मंगळवार पेठ म्हटल्यावर गाव कशाला? पुण्यात, सोलापुरात असंल की. पर पेठ म्हंजे आपलीच!”

त्याची आई, आक्का, ऐंशीची झाली होती. गुडघ्यांपायी दोन वर्षं तिच्या कानांवर कीर्तन नव्हतं. तेव्हा वाढदिवसाला कीर्तनच तिच्या दारी उभं करायचं, असा जोतीरामचा पण.

त्या दिवशी चारला बुवांचा फोन आला. “पेठेत आलो. मारुतीही सापडला. मांडव मात्र दिसेना.”

जोतीराम मांडवातच उभा होता. “शेजारी काय दिसतंय?”

“दुकानाची पाटी. खाली कराड लिहिलंय.”

“अवो, कोल्हापूर की! जाग्यावरनं हलू नगासा, न्यायला आलोच.”

“मी बी येतो,” आक्का म्हणाली. “बुवास्नी नारळ देऊन मानानं आणायचं असतंय.” आणि गुडघे धरून जीपमध्ये चढलीसुद्धा.

बुवांचाही बाणा होता. यजमानाला तोशीस द्यायची नाही, आणि फेटा चढवला की फोन बंद. ते तडक कोल्हापूरला निघाले. वाटेत कुठंतरी दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या.

कराडच्या मारुतीसमोर पन्नासेक माणसं बसलेली. “फेटेवालं बुवा दिसलं, म्हणून बसलो,” त्यातल्या धोंडुबाई म्हणाल्या. “ते तर गेलं तुमच्या गावाला! माघारी येतील म्हणून थांबलोय.”

तेवढ्यात निशिगंधाचा फोन. “बुवा आलं, मांडव भरलाय, नमन चाललंय. तुम्ही कुठं हाय?”

माघारी पोचेपर्यंत आरती झाली असती. जोतीराम देवळाच्या पायरीवर मटकन बसला. “आक्का, चुकलं माझं.”

आक्कानं नारळ मारुतीपुढं ठेवला आणि पदर खोचला. “माणसं बसल्यात. कीर्तनाला बसलेल्या माणसाला रिकामं उठवायचं नसतंय.”

जन्मभर ऐकून मुरलेलं सुदामाख्यान तिनं उभ्यानं लावलं. आवाज पहिल्यांदा कापला, मग देऊळ भरून गेला. “सुदामा निघाला द्वारकेला. फाटका हुता बिचारा, पर गाव इचारून निघालता!” पेठ खदखदून हसली. जोतीरामनं मान खाली घालून टाळ्यांचा ठेका धरला. विठ्ठलाचा गजर झाला तेव्हा आक्काला गुडघे आठवले.

परतताना तो म्हणाला, “फुडल्या साली पत्त्यात गाव घालतो, आक्का.”

“घाल की. मंगळवार पेठ, कराड.” आक्कानं मूठ उघडली. “ही बघ, धोंडुबाईनं सुपारी बी दिलीया.”