दर्याराणीच्या छतातला गनीम मोडिला, त्याची हकीकत

ऐकणारांनी पानाचा डबा जवळ ओढावा, पाय पसरावे, आणि सावध चित्ते ऐकावे. जे घडले ते तिखटमीठ लावूनच सांगितले आहे, अळणी कोणी खात नाही.

आगरदांड्याच्या खाडीकाठी खासे रफिकभाई नांदत होते. त्यांनी उमर आखातात, दोह्याच्या मुलखात घालविली, परक्यांची घरे एसीने गार केली आणि आपण घामाने निथळले, आणि मग मायदेशी परतून मुंबईच्या एका शेटाकडून 'दर्याराणी' नामे मोटरयॉट पैदा केली. यॉट त्यांच्या लग्नाइतकी जुनी, आणि तितकीच कुरकुर करणारी. आत लाल मखमली सोफा, बिलोरी आरसा, आणि तोंड धुवावयास वाटीएवढे बेसिन. नारळी पुनव झाली की सैलानी लोकांस यातून दर्याची सैर घडवावी, आणि आपण पांढरी टोपी घालून चाकापाशी उभे राहावे, ऐसा भाईंचा मनसुबा होता. टोपी आधीच घेतली होती.

बेगम अख्तरुन्निसा साहेबा, ज्यांचा अंमल चुलीपासून जेट्टीपर्यंत चाले, त्यांना घरावर माडी हवी होती. माडीच्या जागी यॉट आली, ही सल त्यांच्या पोटी राहिली.

या किनाऱ्याचा रिवाज ऐसा की पावसाळ्यात होड्या काठावर ओढाव्या आणि नारळीच्या झावळ्यांनी शाकाराव्या. दर्याराणीही घरामागे लाकडी टेकूंवर चढविली. शेजारचे शिवदास कोळी, डोलीच्या जाळ्याचे सरदार, झावळ्यांचा भारा घेऊन आले, तो रफिकभाईंनी हात आडवा केला.

"यॉट हाय ती, शिवदास. कोंबड्यांचं खुराडं न्हाय."

"बरं," शिवदास म्हणाले, "भिजू दे तुजी रानी."

मग आषाढ आला आणि गळती आली. थेंब पडे तो नेमका मखमली सोफ्यावर. भाईंनी पातेले ठेविले, मग टोप ठेविला, मग बिर्याणीचा हंडा ठेविला, आणि हंडा गेला म्हणून बेगमसाहेबांस खबर लागली.

त्यात माणगावाहून खलिता आला, म्हणजे मोबाईलवर आला. कन्या हफ्सा हिच्या होणाऱ्या सासूबाईंनी कळविले की शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की येतो, आणि चहा घेऊ तो भाईंनी धाडिलेल्या यॉटच्या फोटोतल्या लाल सोफ्यावरच घेऊ. हे वाचून बेगमसाहेबांनी भरल्या ओटीवर हुकूम फर्माविला, तो येणेप्रमाणे: विहीणबाईंच्या ओढणीवर एक थेंब पडला, तर शनिवारी भंगारवाला बोलवावा, यॉट त्याचे हवाली करावी, आणि इंजिन काढून त्याची भाताची गिरण करावी.

रफिकभाईंचे पाणी पाणी जाहले. त्यांनी टोपी कपाटात ठेविली आणि शिवदासांस मसलतीस बोलाविले.

शिवदास म्हणाले, सोफ्याच्या डोईवर खिडकी आहे, तेव्हा गनीम खिडकीतूनच येतो. मग दोघांनी डांबराचा डबा उघडिला आणि खिडकीवर हल्ला केला. चौकट डांबरली, काचेचे काठ डांबरले, आणि चौकटीच्या तळाशी बारीक भोके होती तीही मोठ्या अक्कलहुशारीने बुजविली. ती भोके चौकटीत साचलेले पाणी बाहेर काढून देण्यासाठी होती, हे दोघांस ठाऊक नव्हते. रात्रीत चौकट पाण्याने भरली आणि आतल्या बाजूने वाहू लागली. काल एक गनीम होता, आज दोन जाहले. मग बेगमसाहेबांच्या गोधडीचा दाभण चोरून आणिला, भोके पुन्हा मोकळी केली, तेव्हा दुसरा गनीम पळाला. पहिला तिथेच.

मग उघडीप पाहून पाण्याची मोहीम काढिली. भाई नळी घेऊन छतावर चढले, शिवदास आत सोफ्यावर मोर्चा धरून बसले. भाई सोफ्याच्या बरोबर वर पाणी सोडीत आणि विचारीत.

"आलं काय?"

"न्हाय."

"आता?"

"चहा आला. पानी न्हाय."

टाकी रिती जाहली, थेंब पडला नाही. मग नळी गुंडाळली, आणि आभाळ भरून खरा पाऊस लागला, तो टपकन थेंब शिवदासांच्या बशीत. शिवदासांनी तो पिऊन पाहिला आणि निवाडा दिला की छत गळत नाही, सोफ्यालाच घाम येतो.

गुरुवार उजाडला. भाईंचा चेहरा ऐसा की भंगारवाल्यानेही हळहळावे. तेव्हा ज्याची कोणी गणती केली नव्हती तो बहाद्दर रणात उतरला. घरचा बोका मिर्झा, मिशा पांढऱ्या, एक कान फाटका. तो सोफ्यावर चढला, पडलेला थेंब चाटला, मिटक्या मारिल्या, आणि मग मागल्या पायांवर उभा राहून छताकाठची लाकडी पट्टी चाटू लागला. चाटीत चाटीत सोफ्यामागच्या फळीवरून पुढे पुढे गेला, तो थेट सुकाणूच्या चाकापर्यंत, आणि तिथे छताकडे तोंड करून ऐसा ओरडला की जणू वर मासळीबाजार भरला आहे.

शिवदासांची बायको जनी सुक्या मासळीची वाकबगार. तिने त्या पट्टीवर बोट ओले करून हुंगले.

"भाभी, ह्या पान्याला बोंबलाचा वास येतो."

"पावसाला दर्याचा वास येतोच, जनी," बेगमसाहेबा ओढणी सारखी करीत म्हणाल्या.

"दर्याचा न्हाय वो भाभी. आपल्या बोंबलांचा."

इतके बोलून जनीने जीभ चावली. पण बखरकारास सगळे ठाऊक असते, म्हणून सांगणे प्राप्त आहे. चैत्रात भाई इंजिनाचे सामान आणावयास मुंबईस गेले, तेव्हा या दोघींनी पाहिले की यॉटच्या छतावर ऊन कडक आणि कुत्रे पोचत नाही. मग चाकाच्या बरोबर वर छतात आकडे ठोकिले, दोऱ्या ताणिल्या, आणि बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून वाळत घातिले. भाई येण्याच्या दिवशी आकडे उपटले, भोकांत तांदळाच्या भाकरीचे पीठ मळून भरिले, वरून पांढरा रंग फासला, आणि दोघी विसरून गेल्या.

पावसाने पीठ विरघळले. त्यात मागचे टेकू चिखलात रुतून यॉट मागे कलली होती, म्हणून पाणी पुढच्या भोकांत शिरे, छताच्या पोटातून बोंबलाचे खारे लाकूड धूत मागे येई, आणि सोफ्यावर उतरे. भाई मागे लढत होते आणि गनीम पुढच्या दाराने येत होता.

रफिकभाई वर चढले, रंग खरवडला, आणि बोटावर पांढरा गोळा घेऊन खाली आले.

"हे कुणी भरलं?"

शिवदास म्हणाले, "मुंबईचा शेट, दुसरं कोन. पैशेवाली मानसं, कायपन भरतात."

"शेटच," बेगमसाहेबा म्हणाल्या.

भाईंनी गोळा हुंगला. त्यांनी जन्मभर ज्या हातची भाकरी खाल्ली, ती ओळखावयास उशीर लागला नाही. पण ते मुत्सद्दी.

"शेट भाकरी चांगली मळायचा," ते म्हणाले. "मग भंगारवाल्याला काय सांगू?"

बेगमसाहेबांनी खाडीकडे पाहिले, मग मिर्झाकडे पाहिले.

"सांगा, आमचं विकायचं न्हाय."

ऐसा तह जाहला. मग सगळे पीठ कोरून काढिले, घरचा पंखा लावून लाकूड वाळविले, खुंट्या ठोकिल्या, बोटीचा गोंद भरिला, वरून रबरी मलम चोपडिले. गोंद सुकेतो वर शिवदासांच्या झावळ्या चढल्या. यॉट हुबेहूब खुराड्यासारखी दिसली, आणि शिवदासांनी कोंबडीचा आवाज काढिला, तो भाईंनी सोसला.

शुक्रवारी विहीणबाई आल्या आणि त्यांच्या मागोमाग मुसळधार पाऊस आला. त्या लाल सोफ्यावर बसल्या. भाईंचे डोळे छताकडे, बेगमसाहेबांचे विहीणबाईंच्या ओढणीकडे. चहा संपला, ओढणी कोरडी. मग विहीणबाईंनी नाक वर केले आणि एकवार हुंगले.

"बोंबलाची चटणी केलीय काय तुमच्यात?" त्या म्हणाल्या. "मग चहावर काय भागवताय? भाकरी टाका की."

येणेप्रमाणे गनीम समूळ मोडिला, सोयरीक कायम जाहली, टोपी कपाटातून निघाली. मिर्झास बोंबील इनाम, तहहयात. भोके कोणी पाडिली हे कोठेही लिहू नये, ऐसा बेगमसाहेबांचा सक्त हुकूम आहे, सबब ते येथे लिहिलेले नाही.